डुकराची नर पिल्लं खच्ची करायची की नाही, आणि करायची तर कधी नि कशी

नवीन डुकरं पाळायला लागलेला कुणीही भेटला आणि त्याच्याकडं पहिलं वेत झालेलं असलं की प्रश्न ठरलेला असतो, ब्लेड कुठलं वापरायचं. ब्लेडचं पुढं सांगतोच, पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, की मुळात खच्ची करायचीच कशाला आणि आपल्याला ती गरज आहे का. चीर मारायला अर्धं मिनिट लागतं, सगळं डोकं लावायचं असतं ते चिरेच्या आधी आणि नंतर. माझ्याकडची जी पिल्लं या कामात गेली त्यातलं एकही चीर चुकली म्हणून गेलेलं नाही, एक आधी नीट बघितलं नाही म्हणून गेलं आणि दोन नंतर ओल्या जागेत सोडली म्हणून.

तर आधी वासाचं, कारण खरं कारण तेच आहे. वयात आलेल्या नराचं मांस शिजायला लागलं की कधीकधी असा वास सुटतो की ज्याला येतो तो ताटावरून उठतो. कुणाला मुतारीसारखा येतो, कुणाला घामट, कुणाला सरळ विष्ठेचा. मांस थंड असताना काही कळत नाही, तापलं की कळतं, कारण वासाची द्रव्यं चरबीत मुरलेली असतात आणि गरम झाल्यावर बाहेर पडतात. याला बोअर टेंट म्हणतात, मी साधं नराचा वास म्हणतो.

या वासामागं मुख्य द्रव्यं दोन. पहिलं ॲन्ड्रोस्टेनोन. हे वृषणातच बनतं, टेस्टोस्टेरॉन बनतं तिथंच, आणि रक्तातून चरबीत आणि लाळेच्या ग्रंथींत जातं. नर माजावरच्या मादीपुढं तोंडाला फेस आणून जबडा वाजवत उभा राहतो ते बघितलं असेल, त्या फेसात हेच असतं आणि त्या वासानं माजावरची डुकरीण जागच्या जागी ताठ उभी राहते. याचाच स्प्रे मिळतो, कृत्रिम रेतन करणारे मादी माजावर आहे का हे बघायला तो वापरतात. मादीला तो वास चालतो, प्रश्न आपला आहे.

दुसरं स्कॅटोल. हे वृषणात बनत नाही, मोठ्या आतड्यात बनतं. खाण्यातल्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन म्हणून एक अमिनो आम्ल असतं, ते तिथले जिवाणू मोडतात त्यातून हे तयार होतं. आता कुणी म्हणेल, आतडं तर मादीलाही असतं, मग मादीच्या मांसाला हा वास का येत नाही? बरोबर आहे, बनतं दोघांतही. पण मादीत किंवा खच्ची नरात यकृत ते पटापट मोडून बाहेर टाकतं, आणि वयात आलेल्या नरात वृषणातून येणारी हार्मोन्स यकृताच्या त्याच कामाला ब्रेक लावतात, मग स्कॅटोल साचत जातं आणि चरबीत जाऊन बसतं. म्हणून वृषण काढले की पहिलं द्रव्य बनायचंच थांबतं आणि दुसऱ्याचा निचरा पुन्हा सुरळीत होतो. एवढं समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उदाहरणार्थ जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवली तर वास कमी होतो का? थोडा होतो, कारण गरमीत स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या डुकरात स्कॅटोल जास्त सापडतं. खाण्यात बदल करून? कच्च्या बटाट्याचं स्टार्च किंवा चिकोरीची मुळं शेवटच्या दिवसांत दिली तर स्कॅटोल उतरतं हे माहीत झालेलं आहे. पण या दोन्ही उपायांनी ॲन्ड्रोस्टेनोन हलत नाही, ते वृषणातून येतच राहणार.

आणखी एक गोष्ट, सगळ्याच नरांना वास येत नाही आणि सगळ्याच माणसांना तो वास कळत नाही. ॲन्ड्रोस्टेनोन ओळखणारा गंधाचा रिसेप्टर प्रत्येकात थोडा वेगळा असतो, काहींना काहीच जाणवत नाही, काहींना तर चक्क गोडसर वाटतो. आमच्या घरात मी पहिल्या वर्गातला. खच्ची न केलेल्या नराची चरबी कढईत टाकून मी म्हणत होतो की काही नाही, बरं आहे की, आणि बायको पदर नाकाला लावून खिडक्या उघडत फिरत होती. तेव्हापासून नियम, तपासायचं असेल तर पाठीच्या चरबीचा छोटा तुकडा तापलेल्या तव्यावर टाका आणि तीन-चार जणांना हुंगायला लावा, त्यात एक-दोन बायका हव्यातच, कारण सरासरीनं त्यांचं नाक या वासाला जास्त तिखट असतं. काही देशांतल्या कत्तलखान्यात हेच काम पगारी माणूस करतो, चरबीला तापलेली लोखंडी सळी लावायची आणि हुंगायचं.

वासाशिवाय दुसरं कारण म्हणजे नराचं वागणं. वयात आले की एकमेकांवर चढतात, मारामाऱ्या करतात, खाणं सोडून कुंपणाला लागतात. आणि छोट्या शेडमध्ये सगळ्यात मोठा घोटाळा हा की भाऊ-बहिणी एकाच कप्प्यात असतात. पाच-सहा महिन्यांत दोघंही वयात येतात, कधी त्याच्या थोडं आधीही, आणि मग एक दिवस लक्षात येतं की कापायला ठेवलेली मादी गाभण आहे. ११४ दिवसांचा गाभणकाळ, म्हणजे ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस, आणि पोटात सख्ख्या भावाची पिल्लं.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. खच्ची न केलेला नर कमी खाण्यात जास्त वाढतो आणि त्याच्या अंगावर चरबी कमी असते. खच्ची केलेला जास्त खातो आणि लवकर चरबी धरतो. म्हणजे खच्ची करून तुम्ही खाद्याचा थोडा तोटा विकत घेताय आणि पिल्लाला दुखवताय, बदल्यात वासाची आणि भांडणाची काळजी मिटते. हा सौदा प्रत्येकाला फायद्याचा असतोच असं नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी खच्ची करतच नाहीत, कारण तिथं डुकरं कमी वयात, वयात यायच्या सुमारास कापली जातात. भरभर वाढणाऱ्या जातीची डुकरं साडेपाच-सहा महिन्यांत ११० किलोच्या आसपास जातात, त्यांना वास धरायला वेळच कमी मिळतो. पण छोट्या शेतावर बहुतेक वेळा हळू वाढणाऱ्या जाती असतात, त्यांना तेच वजन गाठायला आठ-दहा महिने लागतात, आणि आठ महिन्यांचा नर म्हणजे पूर्ण वयात आलेला नर. त्यामुळं मोठ्या फार्मवाल्यानं "आम्ही तर करत नाही" म्हटलं म्हणून आपण पण सोडून देणं हे गणित जुळत नाही.

मग स्वतःला तीन गोष्टी विचारा. मांसासाठी कापणार कितव्या महिन्यात, नर-माद्या चौथ्या महिन्यापासून वेगळ्या ठेवायला खरोखर दोन कप्पे आहेत का (मधे नुसती जाळी चालत नाही, मजबूत भिंत लागते), आणि मांस घेणारा खच्ची न केलेला नर घेतो का. तिन्हीची उत्तरं सोयीची असतील तर ब्लेड घेऊच नका, मी तरी घेणार नाही.

मधला एक रस्ता आहे, लशीचा. याची लस १९९८ मध्ये आधी ऑस्ट्रेलियात आली, इम्प्रोव्हॅक नावानं मिळते, २००९ पासून युरोपातही. ती हार्मोन नाही, उलट मेंदूकडून वृषणाला "कामाला लाग" म्हणून जो निरोप जातो त्या निरोपाविरुद्धच शरीराला प्रतिकार करायला शिकवते. दोन डोस लागतात, मधे निदान चार आठवडे, आणि दुसरा डोस कापायच्या चार ते सहा आठवडे आधी. पहिल्या डोसनं फारसं काही होत नाही, तो फक्त ओळख करून देतो, दुसऱ्यानंतर वृषण आकसतात आणि वास उतरतो. म्हणजे बराच काळ डुक्कर खच्ची न केलेल्या नरासारखं स्वस्तात वाढतं आणि शेवटी खच्ची झाल्यासारखं होतं, ऐकायला भारीच. अडचण एकच पण मोठी आहे, सुई चुकून माणसाला टोचली तर तीच प्रक्रिया माणसात होऊ शकते, एकदा टोचली असेल तर दुसऱ्यांदा टोचणं आणखी धोक्याचं, गरोदर बाईनं तर हात लावूच नये. म्हणून सुईवर आवरण असलेली खास पिचकारी लागते, लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि दहा डुकरांच्या शेडमध्ये हा सगळा पसारा परवडतो का ते ज्याचं त्यानं बघावं.

बरं, ठरलं की खच्ची करायचं. मग कधी? ३ ते ७ दिवसांच्या दरम्यान. पहिल्या दिवशी अजिबात नको, त्या दिवशी पिल्लाचं एकच काम, चीक पिणं. डुकराची पिल्लं आईच्या पोटातून रोगप्रतिकारक शक्ती घेऊन येत नाहीत, ती सगळी चिकातूनच मिळते आणि पहिल्या चोवीस तासांतच आतडं ती घेऊ शकतं, तेव्हा दुखणारं पिल्लू सडाला लागलं नाही तर ते तिथंच संपलं. शिवाय पहिल्या-दुसऱ्या दिवशी वृषण इतके बारीक असतात की सापडत नाहीत आणि हर्निया असला तरी दिसत नाही. आणि आठवड्याच्या पुढं गेलं की वृषणाच्या रक्तवाहिन्या जाड होतात, पिल्लू ताकदवान होतं, रक्त जास्त जातं. युरोपियन युनियनचा नियमही इथंच रेष मारतो, सात दिवसांच्या पुढचं पिल्लू असेल तर भूल देऊन आणि नंतर टिकणारं वेदनाशामक देऊन पशुवैद्यानंच करायचं, आणि कुठल्याही वयात ऊती ओढून तोडायच्या नाहीत, कापायच्या. नॉर्वेत २००२ पासून, स्वित्झर्लंडमध्ये २०१० पासून आणि जर्मनीत १ जानेवारी २०२१ पासून भुलीशिवाय खच्ची करायला बंदीच आहे. आपण जिथं राहतो तिथं हे काम मालकानं केलेलं चालतं की डॉक्टरच लागतो हे आधी विचारून घ्या.

काही जण म्हणतात, बैल बडवायचा चिमटा आहे की घरात, किंवा बोकडाला लावतात ते रबर लावू. नाही चालत. बैलाची नि बोकडाची पिशवी लोंबती असते, वरती मान असते, तिथं चिमटा बसतो. डुकराची पिशवी मागं शेपटीखाली मांड्यांच्या मधे अंगाला चिकटलेली असते, तिथं चिमटा धरायला आणि रबर बसवायला जागाच नाही. डुकराला ब्लेडच.

आता चिरेच्या आधीची तपासणी. हा भाग हळू वाचा, कारण माझं एक पिल्लू इथंच गेलं. वृषण पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास एका बोगद्यातून खाली पिशवीत उतरतात. हा बोगदा नंतर आवळला जातो. काहींचा नीट आवळत नाही, मग त्यातून आतडं पण पिशवीत उतरतं, हाच हर्निया, अंतर्गळ. अशा पिल्लाला चीर दिली की वृषणाबरोबर आतडं बाहेर येतं. माझं चौथं वेत होतं, संध्याकाळ झालेली, अकरा पिल्लांतले सहा नर, पाच झाले आणि सहाव्याला मी न बघता चीर दिली कारण उजेड चाललेला. वृषण आलं आणि त्याच्यामागून ओलसर, गुलाबी-करड्या रंगाची, करंगळीपेक्षा बारीक वेटोळी. पिल्लू ओरडलं की ती आणखी बाहेर येत होती, कारण ओरडताना पोटावर दाब येतो हे मला तेव्हा कळलं. स्वच्छ कापड मिठाच्या निर्जंतुक पाण्यात, म्हणजे सलाईनमध्ये, भिजवून वर धरलं, डोकं खाली ठेवूनच डॉक्टरकडं नेलं, पण नाही वाचलं.

तेव्हापासून मी प्रत्येक पिल्लू दोनदा बघतो. आधी डोकं वर, ढुंगण खाली असं धरायचं आणि पोटावर हलका दाब द्यायचा, पिशवीत फुगवटा आला का बघायचं. मग मागच्या पायांनी उलटं धरायचं, फुगवटा गायब झाला तर तो हर्नियाच. वृषण हाताला कसा लागतो, तर घेवड्याच्या दाण्यासारखा घट्ट, दोन्हीकडं एक एक. हर्निया मऊ लागतो, दाबला की आत जातो, सोडला की परत येतो, आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसते. शंका आली तरी ते पिल्लू बाजूला, पाठीवर मार्करनं खूण. डॉक्टर ते भूल देऊन, बोगद्याचं तोंड टाके घालून बंद करून करतात. आणि एका नराच्या पिल्लांत हे वारंवार दिसायला लागलं तर त्याच्यापासून पैदास थांबवा, हा दोष वंशातून येतो.

दुसरं बघायचं, दोन्ही वृषण उतरलेत का. एकच लागत असेल तर एक काढून "झालं" म्हणू नका. आत राहिलेला वृषण पोटात बसून हार्मोन बनवतच राहतो, वास तसाच येणार आणि नर तसाच वागणार, फक्त बाहेरून खच्ची दिसणार. असं पिल्लू पूर्णच सोडून द्या आणि कानाला खूण करून वहीत लिहा. हगवण लागलेलं, थंड पडलेलं, भावंडांपेक्षा निम्म्या आकाराचं पिल्लूही त्या दिवशी सोडा, दोन-तीन दिवसांनी बघू.

आता दुखण्याबद्दल स्पष्ट बोलू, कारण "लहान असतात, त्यांना काय कळतंय" हे वाक्य मी पण वर्षानुवर्षं ऐकलंय. कळतं. पिल्लू उचललं की ओरडतंच, त्यावर जाऊ नका, पण वृषणाची दोरी ओढली जाते त्या क्षणी ओरडण्याची पट्टी एकदम वर जाते, एकदा कान देऊन ऐकलं की तो फरक विसरता येत नाही. आणि नंतर दोन-तीन दिवस ती पिल्लं ढुंगण घासतात, शेपूट सारखी हलवतात, भावंडांपासून लांब पडून राहतात. दुखणं दोन प्रकारचं, कापतानाचं आणि नंतरचं, आणि दोन्हीची औषधं वेगळी, ही गोष्ट लोक एकात एक करतात. मेलॉक्सिकॅम हे नंतरच्या दुखण्याचं आणि सुजेचं, कापताना ते जवळजवळ काही करत नाही. डोस साधारण किलोला ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला ०.८ मिलिग्रॅम, आणि औषध मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचं असेल तर फक्त ०.१६ मिलिलिटर. इतकं थोडं मोठ्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही, १ मिलिलिटरची बारीक सिरिंज लागते. कामाच्या अर्धा तास आधी द्यायचं, कापून झाल्यावर नाही. कापतानाच्या दुखण्याला वृषणात आणि दोरीभोवती बधिर करायचं इंजेक्शन लागतं, ते टोचल्यावर पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि दोन किलोच्या जिवाला त्याचा डोस सहज जास्त होऊ शकतो. हे डॉक्टरांकडून शिकून घ्या, औषधंही त्यांच्याकडूनच, डोस त्यांनी सांगितलेला पाळा.

प्रत्यक्ष काम सकाळी, गार वेळेत, भरपूर उजेडात. आधी पिल्लं आईपासून काढून पेंढा घातलेल्या खोक्यात घ्या आणि आईच्या आणि तुमच्या मधे दार पक्कं बंद करा. पिल्लाची एक किंकाळी ऐकली की शांत डुकरीणही कुंपण तोडून येते, आणि दोनशे किलोचं जनावर अंगावर आलं की तुमच्या हातात ब्लेड आहे हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर तिला ऐकू जाणार नाही इतकं लांब काम करा.

दोन माणसं हवीत. एकानं पिल्लाचे मागचे पाय धरून उलटं, पाठ स्वतःकडं करून धरायचं. दुसऱ्यानं हात धुवून ग्लोव्ह्ज घालून त्वचा पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीननं पुसायची, घाण दिसत असेल तर दोनदा. ब्लेड नवं, शक्यतो १२ नंबरचं, ते आकड्यासारखं वाकलेलं असतं आणि टोक खोल घुसत नाही. मी दोन हँडल ठेवतो, एक जंतुनाशकात बुडालेलं असतं तेव्हा दुसरं हातात, प्रत्येक पिल्लाला अदलाबदल. बोथट वाटलं की लगेच टाका, बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते जायचं नाही तिथं जातं.

अंगठ्यानं वृषण खालून ढकलून त्वचेवर ताण आणायचा, आणि त्याच्यावर उभी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर द्यायची. चिरेची जागा महत्त्वाची, पिल्लू चार पायांवर उभं राहिल्यावर जी बाजू खाली येईल तिकडं चीर उतरली पाहिजे, म्हणजे आतलं पाणी आपोआप गळून जातं. वर दिली तर खिसा तयार होतो, पाणी साठतं, पू होतो. त्वचेखाली पांढरट पातळ पडदा असतो, तो कापला की वृषण टुणकन बाहेर येतो, गुलाबी, ओला, एखाद्या मोठ्या शेंगदाण्याएवढा. तो हलक्या हातानं बाहेर घ्यायचा, झटका नाही. मागं दोरी दिसेल, तीत रक्तवाहिनी आहे. ती एका घावात कापण्यापेक्षा ब्लेडनं खरवडत खरवडत तोडली तर वाहिनीचं तोंड चुरगळतं आणि रक्त कमी जातं. दुसरी बाजू तशीच, वेगळी चीर देऊन. मग बघायचं की चिरेतून काही धागा-पडदा लोंबतोय का, लोंबत असेल तर तो कापून टाकायचा, कारण तोच घाण वर ओढून नेणारी वात बनतो. टाका घालायचा नाही. पट्टी नाही, पावडरचा थर नाही, उघडं राहू दे.

थोडं रक्त येतंच, एखाद-दोन मिनिटांत थांबतं. थेंब थेंब सलग पडत राहिलं तर स्वच्छ कापसानं पाच मिनिटं दाबून धरा, तरी थांबलं नाही तर डॉक्टर. आणि शेपूट कापणं, दात घासणं, आयर्नचं इंजेक्शन, खच्ची, सगळं एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, तो आवरा. आयर्न तिसऱ्या दिवशी देत असाल तर हे पाचव्या-सहाव्या दिवशी ठेवा.

नंतरचं काम तसं कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात. परत सोडायच्या आधी कप्प्यातला जुना ओला पेंढा काढून नवा, कोरडा टाकायला हवा. माझी दोन पिल्लं याच आळशीपणात गेली, पाऊस लागलेला, भुस्सा ओला, म्हटलं उद्या बदलू. पिल्लं झोपतात ती जागा ३० अंशांच्या वर उबदार हवी, कारण दुखणारं पिल्लू गारठलं की सडाला जात नाही. सोडल्यावर तासाभरानं जाऊन बघा, सगळी आईला लागलेली दिसली की अर्धं काम झालं. संध्याकाळी परत एकदा, आणि मग आठवडाभर रोज एकदा शेपटीखाली नजर. पहिल्या दोन दिवसांत किंचित सूज असते, ती उतरत गेली पाहिजे. तिसऱ्या दिवसानंतर वाढायला लागली, गरम-लाल झाली, वास यायला लागला किंवा पिल्लू मलूल झालं तर आत पू आहे. माश्यांचे दिवस असतील तर जखमेत अळ्या पडतात का ते बघा. आणि एक-दोन आठवड्यांनी पिल्लू लाकडासारखं ताठ चालायला लागलं, कान नि शेपूट ताठ झाली, टाळी वाजवली की थरथरलं, तर तो धनुर्वात, तोपर्यंत चीर बरी पण झालेली असते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही की आला कुठून.

उशीर झाला असेल, म्हणजे महिन्याचं, दोन महिन्यांचं पिल्लू राहून गेलं असेल, तर घरी करू नका एवढंच सांगतो. भूल लागते, वाहिनी बांधावी लागते. मोठा, पैदाशीला वापरलेला नर कापायच्या आधी खच्ची करून घेतात तेही असंच डॉक्टरचं काम, आणि त्यानंतर लगेच कापून उपयोग नाही, चरबीत मुरलेला वास उतरायला काही आठवडे जावे लागतात.

वहीत मी तारीख, वेत, किती नर, कुणाचा एकच वृषण आणि कुणाला हर्निया एवढं लिहितो. एका वेतातला एकाच वृषणाचा नर मी कानाला खाच पाडून ठेवला होता. पाच महिन्यांनी सगळ्या भावंडांत तो एकटाच फेस काढत जबडा वाजवायला लागला तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, हा राहिला वाटतं? मी वही आणून दाखवली, आणि त्याच आठवड्यात तो इतरांच्या आधी कापायला गेला. चरबी तव्यावर टाकली, बायकोनं हुंगली, आणि खिडकीकडं न जाता म्हणाली, थोडा येतोय, पण चालेल.